आईंनी निवडलेला सायलेन्सर

आमच्या घरात एकाही खिडकीला काच नाही. प्लायवूड आहे. लग्न ठरलं तेव्हा मी आंबिवलीहून घर बघायला आले होते, आणि मला वाटलं, काम अर्धवट राहिलंय, लग्नापर्यंत काचा बसतील. मी तसं बोललेसुद्धा. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, कलावतीबाईंनी, माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरात साप पाळा म्हणून सुचवलंय. मग म्हणाल्या, "काच नको गं बाई. काच उडते."

आमची चाळ डोंबिवलीच्या एमआयडीसीला अगदी खेटून आहे. दारासमोर गल्ली, गल्लीपुढे मैदान, मैदानापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे कंपन्या. पुष्कळ वर्षांपूर्वी त्यातल्या एका कंपनीत बॉयलर फुटला. ती कंपनी आता नाही, तिथे गोडाऊन झालंय. माझे सासरे बाबुराव त्या वेळी खिडकीत बसून पेपर वाचत होते. आवाज झाला आणि खिडकी घरात आली. त्यांचा एक डोळा गेला. माणूस मात्र पुढेही खूप जगला, एका डोळ्याने पेपर वाचत राहिला, आणि शेवटी किडनीच्या आजाराने गेला. पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लेखी त्यांना काचेनेच नेलं. मी एकदा त्यांना सुधारायला गेले, तर माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. माझा स्वभाव काही गोड नाही.

भित्री माणसं मी माहेरीही पाहिली आहेत. पण ती आपली एका कोपऱ्यात भितात. आईंची भीती म्हणजे घराचा कारभार होता. आमच्याकडे चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या, म्हणजे पाय घालताना वळावं लागू नये. पाहुणा आला आणि उलट्या काढून बसला, तर बोलता बोलता आई उठून त्याच्या चपला फिरवून यायच्या. झोपताना पाय खिडकीकडे, डोकं नाही. दिवसा दाराला आतून कडी नाही. आणि मला नवी नवरी असताना त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती पुरणपोळी नव्हे की मटणाचं वाटण नव्हे. "आवाज झाला की आधी गॅस, मग चप्पल, मग मैदान. मधे काही उचलायचं नाही. पोरगं असलं तर तेवढं उचलायचं."

"आणि पोरगं नसेल तर?" मी विचारलं.

"तर जास्त जोरात पळायचं."

मी हसले. प्रेमही हसला. प्रेम म्हणजे माझा नवरा. तो कोलशेतच्या मोठमोठ्या टॉवरमधल्या लिफ्ट दुरुस्त करतो, विसाव्या मजल्यावरच्या अंधाऱ्या भोकात लटकतो आणि त्याला कशाचीच भीती वाटत नाही. अशी माणसं एका घरात आली की मधल्यामध्ये बायकोचं मरण होतं.

प्रेमकडे सेकंडहँड बुलेट आहे. ती त्याने घेतली तेव्हा लग्नात मला सजवली नसेल एवढी सजवली. टाकीवर अशोकचक्र, आरशांना निळ्या रिबिनी. पण आमच्याकडची हवा गाडीचे लाड करत नाही. इथे कोणत्या कंपनीने काय सोडलंय ते आई वासावरून सांगतात. आज सडलेली अंडी, आज कच्चा आंबा, आज जळका कांदा. माझे पैंजण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात काळे पडले. ही हवा नळ खाते, कुलपं खाते, शेजारच्या नीरजावहिनींचा नवा फ्रीज तिने मागून खाल्ला. तसा बुलेटचा सायलेन्सर खालून सडला. वरून चकाचक, खाली हात लावला तर पापुद्रे हातात.

मेकॅनिकच्या भाषेत, सायलेन्सर हवा खायला लागला. गल्लीच्या तोंडाशी येऊन प्रेमने रेस सोडली की नळकांड्यातून आवाज निघायचा. धडधड नव्हे. फाट्! एकच, कोरडा, कानफटात मारल्यासारखा.

पहिल्या दिवशी तो आवाज झाला आणि अख्खी चाळ मैदानात उभी. कुणाच्या हाताला कणीक, कुणाच्या तोंडात ब्रश, एक आजोबा नुसत्या टॉवेलवर. नीरजावहिनींनी पळताना स्वतःचा मुलगा समजून दुसऱ्याचाच उचलला होता. आणि मैदानाच्या कडेने आमचे हे, हेल्मेट काढून विचारतायत, "काय झालं?" त्या दिवशी प्रेमने गल्लीच्या इतक्या शिव्या खाल्ल्या की जेवायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज, पुन्हा पळापळ, पण जरा कमी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक नुसते दारात आले. मग दारातही येईनात. आतूनच ओरडायचे, "अरे प्रेम, बदल ना बाबा ते!" प्रेम म्हणायचा, "बदलतो, बदलतो." मनातून त्याला तो आवाज आवडायला लागला होता. मित्र म्हणायचे, काय भाई, एंट्री आहे. नवा घ्यायचाच तर फटाके वाजवणाराच घ्यायचा, असं त्याचं चाललं होतं, रोज मोबाईलवर सायलेन्सरचे व्हिडिओ. चाळीला सवय झाली. मलाही झाली. फाट् वाजलं की मी चहाला आधण ठेवायचे.

सवय झाली नाही ती एकट्या आईंना. त्या रोज, न चुकता, गॅस बंद करून, चपला घालून मैदानात जायच्या, आणि प्रेमला बघून परत यायच्या. मला चीड यायची. माझं आधण पुन्हा पुन्हा थंड व्हायचं.

"आई, अहो प्रेमच आहे. रोज तोच असतो."

"बघितल्याशिवाय कसं कळणार?"

मग तो रविवार आला. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. प्रेम, आई आणि मी. प्रेमने भाकरीचा तुकडा मोडला आणि बाहेर आवाज झाला. फाट्!

पलीकडून नीरजावहिनींचा आवाज आला, अगदी निवांत, "आला वाटतं प्रेम!"

प्रेमचा हात ताटावर तसाच राहिला. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. गाडी बाहेर स्टँडवर उभी होती. चावी खिळ्याला होती. आई तोवर दाराबाहेर गेल्या होत्या. आम्ही त्यांच्यामागे धावलो.

मैदानात कुणी नव्हतं. सबंध चाळीतून एक माणूस बाहेर आलं नव्हतं. रस्त्यापलीकडे ट्रान्सफॉर्मरमधून थोडा धूर निघत होता, बस, तेवढंच. वीज गेली आणि तासाभराने आली. काही झालं नाही. पण आई त्या रिकाम्या मैदानात उभ्या राहून चाळीकडे बघत होत्या, आणि त्यांची हनुवटी थरथरत होती. एवढ्या भित्र्या बाईला इतकं घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर ताटं तशीच होती. आई म्हणाल्या, "मला आवाजाची भीती नाही वाटत प्रेम. वाटते, पण ती जाऊ दे. आवाज झाला आणि लोक बसून राहिले, याची वाटते. तू मोडलीस त्यांची भीती. माझ्या पोराने मोडली. उद्या खरंच काही झालं तर हे सगळे 'प्रेम आला' म्हणत आत बसतील."

माझ्या मनात चहाचं आधण आलं आणि मला स्वतःचीच भीती वाटली.

"उद्या सायलेन्सर बदलायचा," आई म्हणाल्या. "मी येणार."

आमच्याकडे साडी घ्यायला नवरे येत नाहीत आणि सायलेन्सर घ्यायला आया जात नाहीत. प्रेमने पुष्कळ आढेवेढे घेतले. पण दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली आणि आम्ही काटई नाक्याजवळच्या मयूरशेठच्या दुकानात गेलो. तो पुढे गाडीवर, आम्ही दोघी मागे रिक्षात. आईंनी हातात रिकामी पिशवी घेतली होती. कशाला, ते त्यांनाच ठाऊक.

मयूरशेठ तिथल्याच गावचा. गळ्यात जाड साखळी, तोंडात हसू. दुकानाच्या भिंतीला सायलेन्सर टांगलेले, दुधीभोपळ्यासारखे ओळीने. "जयभीम मावशी! बस गो, चाय सांगतो. कुठला दाखवू? पंजाब आहे, इंदोरी आहे, आखूड बाटली आहे. कंपनीचा पाहिजे तर मागवावा लागल, कधी येल सांगता नाय येत."

"मला बघायचे नाहीत," आई म्हणाल्या. "ऐकायचेत."

मयूरशेठला ते आवडलं. त्याने इंदोरी चढवला आणि तिथेच किक मारणार, तर आई म्हणाल्या, "इथे नको." समोर रस्त्यापलीकडे किराणा मालाचं दुकान होतं. आई माझा हात धरून त्या दुकानात शिरल्या, दुकानदाराला म्हणाल्या, "दादा, जरा शटर अर्धं ओढा," आणि तांदळाच्या गोणीवर बसून डोळे मिटले. "घरात बसून जसं ऐकू येतं, तसंच ऐकलं पाहिजे. प्रेमला सांग, लांबून ये, आणि इथे येऊन रेस सोड."

मी बाहेर जाऊन हात हलवला. प्रेम लांबून आला आणि रेस सोडली. फटाफट फाट्! आईंची बोटं माझ्या दंडात रुतली. शटरआड, डोळे मिटून, त्या बाईच्या कपाळावर घाम. "हा कंपनीतल्या त्या स्फोटासारखाच. नको."

मग पंजाब. त्याचा आवाज जाड होता, छातीत वाजणारा. मला बरा वाटला. आई म्हणाल्या, "आधी असंच घुमतं. मग फुटतं. नको." आखूड बाटलीला तर त्या गोणीवरून उठूनच उभ्या राहिल्या आणि त्यांचा पाय चपलेकडे गेला. मी म्हटलं, "आई, पुरे. तुम्ही बाहेर थांबा, मी ऐकते." त्या म्हणाल्या, "तुला सवय झालीय. तुझ्या कानाचा उपयोग नाही." मला राग आला.

शेवटी मयूरशेठने एक लांबुडका काढला, काळा, दिसायला झोकदार. प्रेमचे डोळे चमकले. गाडी लांबून आली, वळली, रेस सोडली, आणि काहीच नाही. नुसतं हुळहुळ. शिलाई मशीन चालावं तेवढंच. आईंनी डोळे उघडले. "गेली का गाडी?"

"ही काय, समोर उभी आहे."

"हाच," आई म्हणाल्या.

प्रेम लगेच तयार झाला, आणि तिथेच मला शंका आली. मयूरशेठ आणि तो एकमेकांकडे बघून गालात हसले. ते आईंनीही पाहिलं. भीतीने जगलेल्या माणसाला नजरा फार लवकर दिसतात. त्या रस्ता ओलांडून आल्या, वाकल्या, आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं. आत एक छोटी नळी बसवलेली होती, तिला एक स्क्रू.

"हे काय?"

"त्याला डीबी किलर बोलतात मावशी. आवाज मारतो."

"निघतं का?"

मयूरशेठ घुटमळला. प्रेम टाकी पुसायला लागला.

"निघतं ना?"

"एका स्क्रूवर हाय. काढला का मग... जरा मोकला वाजतो."

"वेल्डिंग आहे का तुमच्याकडे?"

"हाय."

"मग मारून टाका."

"आई!" प्रेम ओरडला. "अगं, पोरं हसतील. बुलेट आहे की स्कूटी, म्हणतील."

"हसू दे. हसायला माणसं राहिली पाहिजेत."

मयूरशेठने एकदा प्रेमकडे, एकदा आईंकडे पाहिलं, आणि निमूटपणे वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरली. ठिणग्या उडाल्या तेव्हा आई माझ्या पाठीमागे लपल्या, पण दुकान सोडून गेल्या नाहीत. काम झाल्यावर जुना सडका सायलेन्सर त्यांनी त्या पिशवीत घालून घरी आणला. म्हणे, दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागायला नको.

पोरं हसली. मीही हसले. प्रेम आला तरी कळायचं नाही, मी गॅसपाशी असायचे आणि मागून एकदम "चहा?" ऐकू आलं की दचकायचे. आई घरोघर जाऊन सांगून आल्या, "प्रेमची गाडी आता वाजत नाही हां. आवाज झाला तर तो प्रेम नाही." लोक हो म्हणाले. कुणाच्या डोक्यात ते शिरलं असं मला वाटलं नाही.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. दुपारची वेळ, पुरुष कामावर, मुलं शाळेतून नुकती आलेली. प्रेमची घरी यायची वेळ होत आलेली. मी तांदूळ निवडत होते. बाहेर आवाज झाला. फाट्!

आणि माझा हात आधणाच्या पातेल्याकडे गेला. मी खोटं कशाला सांगू, गेला. पलीकडे नीरजावहिनी टीव्ही बघत बसल्या होत्या, तो टीव्ही चालूच राहिला.

आईंनी मात्र गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि त्या दिवशी स्वतःचाच नियम मोडला. जाता जाता ताट आणि पळी उचलली. गल्लीत उभं राहून त्या ताट बडवायला लागल्या. "बाहेर या! प्रेम नाही! प्रेमची गाडी वाजत नाही! मी बंद केलीय ती! बाहेर या!" त्यांचा आवाज फाटला होता. पदर खाली लोळत होता. त्या प्रत्येक दारावर लाथ मारत चालल्या होत्या, आणि दारांना आतून कड्या होत्या, आमच्यासारख्या उघड्या नव्हत्या. एकेक दार उघडत गेलं. नीरजावहिनी मुलाला घेऊन आल्या. टॉवेलवाल्या आजोबांना दोघांनी धरून आणलं. लोक चिडलेले होते, कुणी कुणी "वेडी झाली म्हातारी" असंही म्हणालं, पण आले. मैदानाच्या एका बाजूला, रस्त्यापासून लांब, शाळेची भिंत आहे; तिच्याआड आईंनी आम्हाला हाकललं.

आणि मग खरा आवाज झाला. तो कानाने ऐकला असं म्हणता येणार नाही. जमीन हलली, छातीतली हवा गेली, आणि चाळीच्या सगळ्या काचा एकदम आत गेल्या. आमचं प्लायवूड तेवढं वाकून राहिलं. रस्त्यापलीकडून काळा धूर वर चढायला लागला. नीरजावहिनींचा टीव्ही जिथे होता त्या खोलीत खिडकी शिरली होती. वहिनी मुलाला छातीशी धरून मैदानात बसल्या होत्या आणि "मी तिथेच बसले होते, मी तिथेच बसले होते," एवढंच म्हणत होत्या.

आमच्या गल्लीतलं कुणी गेलं नाही. पण तेव्हा माझ्या मनात गल्ली नव्हती. प्रेम रोज त्याच रस्त्याने यायचा. कंपन्यांच्या मधून, त्या धुराच्या अगदी कडेने. मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सगळ्यांचेच फोन लागत नव्हते. मी आईंजवळ गेले. त्या मैदानाच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून, धुराकडे बघत उभ्या होत्या. हातात अजून ताट होतं.

"जुना सायलेन्सर असता तर ऐकू आला असता," त्या म्हणाल्या. "लांबूनच कळलं असतं, आला म्हणून. मीच बंद केला. माझ्या हाताने वेल्डिंग मारून घेतलं."

"आई, असं नका बोलू."

"त्याचा आवाज मीच मारला गं."

बंबांच्या घंटा, लोकांचं ओरडणं, कुठे तरी काहीतरी अजून फुटत होतं. त्या सगळ्या गोंगाटातून त्या माऊलीने शिलाई मशीनएवढा आवाज शोधायला घेतला होता. मान किंचित वाकडी, डोळे मिटलेले, किराणा दुकानातल्या गोणीवर बसल्या होत्या तशाच. मी त्यांचा हात धरून उभी राहिले आणि मलाही, पहिल्यांदा, कान द्यावासा वाटला.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मी मागे वळले ती नुसती पाणी कुठे मिळेल ते बघायला. आणि मागे, शाळेच्या भिंतीपाशी, प्रेम उभा होता. पोलिसांनी पुढचा रस्ता बंद केला होता, म्हणून तो वळसा घालून, स्टेशनच्या बाजूने, मागच्या गल्लीतून आला होता. गाडी चालूच होती. पाच पावलांवर चालू होती आणि आम्हाला कळलं नव्हतं. हेल्मेटच्या आत त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो फुटलेल्या चाळीकडे बघत होता.

मी आईंचा हात ओढला. "आई. आई, अहो..."

"गप्प बस गं," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "मला गाडी ऐकू दे."

प्रेमने अंगठ्याने हॉर्न दाबला. आईंच्या हातातून ताट पडलं, आणि त्या होत्या तिथेच मातीत खाली बसल्या.